जुन्या सीएनसी लेथला पीसीचं कंट्रोल : लोखंड तपासण्यापासून पहिला आटा पाडेपर्यंत

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा. एखाद्या तरी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेला जुना सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं कातण्याचं मशीन, दिसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘कंट्रोल गेलं.’ बेड शाबूत, स्पिंडल लोण्यासारखा फिरतो, टूल धरून फिरणारा टरेट घट्ट बसतो, फक्त स्क्रीन काळी. आणि असं मशीन किलोच्या भावाने भंगारात जातं. मला ते बघवत नाही. ज्या ओतीव बेडवर वीस-पंचवीस वर्षं काम झालं आणि अजून वीस वर्षं होऊ शकतं, तो बेड दोन जळालेल्या कार्डांपायी वितळवायचा, हे पटत नाही.

आमच्या लेथचं तेच झालं होतं. डाळ मिलच्या रोलरचे शाफ्ट आणि पाइप एक्स्ट्रूडरचे बुश करणारं मशीन. पावसाळ्यात काम नव्हतं म्हणून तीन आठवडे बंद राहिलं. त्यात मेमरीची बॅटरी उतरली आणि सगळे पॅरामीटर पुसले गेले. कार्ड दोनदा रिपेअरला पाठवलं, दोन्ही वेळा परत आल्यावर महिनाभर चाललं. तिसऱ्यांदा सकाळी पारोळ्याचा आमचा ऑपरेटर मशीनपुढे उभा राहून म्हणाला, ‘काय व्हयनं दादा, आजबी?’ त्या दिवशी जुनं कंट्रोल काढून साध्या पीसीवर लेथ चालवायचा, असं ठरवलं. पुढे जे लिहितोय ते त्या कामातून आणि नंतर केलेल्या मशीनमधून आलेलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. या कामात पीसी आणि सॉफ्टवेअर हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात शेवटचा भाग आहे. खरं काम मोजण्याचं, लिहून ठेवण्याचं आणि वायरिंगचं आहे. आधी पीसी विकत आणून सुरुवात केली तर सहा महिन्यांनी शेडमध्ये एक पीसी आणि एक उघडं पॅनल तेवढं उरतं.

लोखंड आधी तपासा

कंट्रोल मेलेलं असलं तरी मशीन तपासता येतं. चुंबकी स्टँड, एक शतांशाचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा) आणि एक मायक्रॉनचा मोजायचा डायल, पुली फिरवायला पाना, एवढं पुरतं.

स्पिंडलच्या बोअरमध्ये डायल लावून हाताने फिरवा. दहा मायक्रॉनच्या आत असेल तर उत्तम. मग चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) जाड बार धरून खालून पहारीने हलका दाब द्या आणि डायलची सुई किती हलते ते बघा. सुई हलून परत आली नाही, किंवा फिरवताना हाताला खरखर लागली, तर बेअरिंगचा खर्च हिशोबात धरा.

त्यानंतर बॉलस्क्रू, म्हणजे स्लाइड सरकवणारा स्क्रू. मोटरचा पट्टा किंवा कपलिंग बाजूला करा, स्क्रू हाताने थोडा पुढे फिरवा, डायल शून्य करा, मग उलटा फिरवा. स्लाइड हलायला लागेपर्यंत स्क्रू किती फिरला, तो प्ले. एक्स अक्षावर (जॉबच्या मध्याकडे जाणारी हालचाल) हा प्ले जॉबच्या व्यासात दुप्पट दिसतो, म्हणून झेडपेक्षा (जॉबच्या लांबीची हालचाल) एक्सकडे जास्त कडक नजरेने बघा. दोन शतांशांपर्यंत चालेल. पाच शतांशांच्या वर असेल तर आधी दुरुस्ती, मग पुढचं.

पण प्ले दिसला की नट गेला असं लगेच समजू नका. स्क्रूच्या टोकाला मधोमध सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीस लावून एक बेअरिंगची गोळी चिकटवा, गोळीवर डायलचं सपाट टोक टेकवा आणि स्लाइड मागेपुढे ढकला. सुई हलली तर स्क्रू स्वतःच लांबीच्या दिशेने सरकतोय. म्हणजे दोष टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये किंवा ढिल्या लॉकनटमध्ये आहे. आमच्या एक्सचा प्ले सात शतांश होता, आणि नवा बॉलस्क्रू मागवायची तयारी झाली होती. लॉकनट आवळल्यावर तो दीड शतांशावर आला.

सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशची, म्हणजे या प्लेची, भरपाई टाकता येते. ती एक-दोन शतांशांसाठी ठीक आहे. ढिल्या मशीनवर मोठा आकडा टाकून काम भागत नाही, कारण कटिंगचा दाब बदलला की स्लाइड त्या मोकळ्या जागेत हलतेच.

बेडची झीज सहसा चकजवळच्या पहिल्या भागात असते, कारण रोजचं काम तिथेच होतं. जिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) चकजवळ बरोबर बसवली तर शेपटीकडे घट्ट होते, हे त्याचं लक्षण. झीज फार असेल तर इथेच थांबा. नवं कंट्रोल झिजलेला बेड सरळ करत नाही.

एकही वायर तोडण्याआधी

जुनं कंट्रोल अजून चालू असेल तर ती मोठी संधी समजा. पॅरामीटरची पानं एकेक करून फोटोत घ्या: रॅपिडचा (कट न घेता धावण्याचा) वेग, सॉफ्ट लिमिट (सॉफ्टवेअरमधली हालचालीची हद्द), स्क्रूच्या पिचची चूक, टरेटचे टायमर. मेमरीची बॅटरी पुष्कळ कंट्रोलमध्ये मशीन चालू असतानाच बदलायची असते. बंद करून बदलली की सगळं पुसलं जातं.

मग पॅनल. प्रत्येक वायरचा नंबर, ती कुठून निघते, कुठे जाते, किती व्होल्ट, हे सगळं वहीत. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग असेल तर त्याची झेरॉक्स काढा आणि प्रत्यक्ष वायरिंगशी पडताळा. जुन्या मशीनमध्ये मधल्या काळात कोणीतरी जोडलेली एखादी वायर असतेच आणि ती ड्रॉइंगवर नसते. मशीनवरच्या स्विचांच्या वायरी कापू नका, टर्मिनलवरून सोडवा आणि टोकांच्या धातूच्या नळ्या (फेरूल) तशाच ठेवा. आमची यादी १४ पानांची झाली. चार दिवस गेले, पण पुढच्या प्रत्येक दिवशी ती वही उघडावी लागली.

पॅनलमधला ट्रान्सफॉर्मर हलवू नका. आपल्याकडे थ्री-फेज सप्लाय ४१५ व्होल्टचा, आणि जपानी धाटणीच्या जुन्या मशीनचे ड्राइव्ह (मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक युनिट) साधारण २०० व्होल्टचे असतात. बाजारात मिळणारे नवे एसी सर्व्होही (जागा आणि वेग नेमका धरणारी मोटर आणि तिचा ड्राइव्ह) बरेचदा २२० व्होल्टच्या वर्गातलेच असतात. त्यांना सरळ ४१५ दिलं तर पहिल्या सेकंदात धूर निघतो. जुना ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर तो पुन्हा तेच काम करेल.

ड्राइव्ह ठेवायचे की काढायचे

सगळ्या खर्चाचं गणित या निर्णयावर आहे. तीन प्रकारची मशीन समोर येतात.

पहिला प्रकार अ‍ॅनालॉगचा. कंट्रोल ड्राइव्हला उणे दहा ते अधिक दहा व्होल्टचा वेगाचा सिग्नल देतं, मोटरच्या मागच्या टॅकोवरून (वेग मोजणारा छोटा जनित्र) ड्राइव्ह स्वतः वेग सांभाळतो, आणि एन्कोडरचा (फिरण्याची जागा मोजणारा सेन्सर) सिग्नल कंट्रोलकडे जातो. जुने डीसी सर्व्हो आणि सीमेन्सचे सिमोड्राइव्ह ६११चे अ‍ॅनालॉग मॉड्यूल या पद्धतीचे. ते धडधाकट असतील तर ठेवा. मोटरचे कार्बन ब्रश बदला, कम्युटेटरमधली काळी धूळ स्वच्छ करा, टॅकोचे ब्रश विसरू नका. यात मोटर आणि ड्राइव्हचा खर्च पूर्ण वाचतो.

दुसरा प्रकार फसवा. फॅनक या जपानी कंपनीच्या, डिजिटल सर्व्हो असलेल्या झीरो मालिकेतल्या कंट्रोलमध्ये ड्राइव्हकडे वेगाचा सिग्नल जातच नाही. कंट्रोल स्वतः करंटचा हिशोब करून ट्रान्झिस्टर चालू-बंद करायचे पल्स ड्राइव्हला पाठवतं. तिथे ड्राइव्ह हा फक्त स्नायू, मेंदू सगळा कंट्रोलमध्ये. अशा ड्राइव्हला बाहेरून दहा व्होल्ट देऊन काहीही होत नाही. मोटरचा एन्कोडरही त्यांच्या खास पद्धतीचा असतो. इथे मोटर आणि ड्राइव्ह दोन्ही बदलायची तयारी ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे ड्राइव्ह आधीच मेलेले. मग नवे एसी सर्व्हो घ्यायचेच. निवडताना जुन्या मोटरच्या पट्टीवरचा टॉर्क वाचा, वॉट नव्हे. हिशोब सोपा आहे. ५ न्यूटन-मीटरची मोटर १० मिलिमीटर पिचच्या स्क्रूला सरळ जोडली, तर स्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरून स्लाइडवर साधारण २,८०० न्यूटन, म्हणजे २८० किलोच्या पुढे जोर मिळतो. पट्ट्याने दोनास एक कमी केलं की जोर दुप्पट, वेग निम्मा. उत्पादनाच्या लेथवर स्टेपर मोटर लावू नका. ताण आला की ती पावलं चुकते, आणि चुकल्याचं कोणाला कळतही नाही. शेवटी टूल चकवर आदळतं.

बेड तिरका असेल तर एक्सची मोटर ब्रेकवालीच घ्या. तिरक्या बेडवर एक्स स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली घसरते. लाइट गेली, ब्रेक नाही, आणि टरेट जॉबवर येऊन बसला, असं होऊ शकतं. ब्रेक २४ व्होल्ट मिळाल्यावर सुटणारा असतो. तो ड्राइव्हच्या स्वतःच्या ब्रेक आउटपुटवरून रिलेने चालवा, म्हणजे मोटरने भार धरल्याशिवाय तो सुटणार नाही.

पीसी, सॉफ्टवेअर आणि कार्ड

मी लिनक्ससीएनसी हे कंट्रोलचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याचं मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तयार झालेल्या एका कंट्रोलरमध्ये आहे. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि लेथसाठी ते निवडायचं मुख्य कारण म्हणजे आटे. आटे पाडताना ते स्पिंडलचा एन्कोडर सतत वाचत राहतं आणि झेडला त्याच्यामागे चालवतं. कट लागून स्पिंडल मंदावला तर झेडही तेवढाच मंदावतो, पिच बिघडत नाही.

पीसी भारी लागत नाही. ऑफिसमधून निघालेला डेस्कटॉप, ४ जीबी मेमरी, नवी एसएसडी आणि शक्यतो इंटेलचं नेटवर्क पोर्ट. वेगापेक्षा वेळेचा नेमकेपणा महत्त्वाचा. लिनक्ससीएनसी २.९ची डेबियनवर आधारित तयार इमेज मिळते, त्यात ठरल्या वेळी काम हमखास करणारा रिअल-टाइम कर्नल असतो. ती टाका, बायोसमध्ये प्रोसेसरचे वीजबचतीचे पर्याय आणि हायपर-थ्रेडिंग बंद करा, आणि पीसी वेळ किती चुकवतो ते मोजणारी लेटन्सी टेस्ट तासभर चालू ठेवा. त्या तासात मुद्दाम व्हिडिओ लावा, खिडक्या हलवा, मोठी फाइल कॉपी करा. इथरनेटवर जोडलेलं कंट्रोल कार्ड आणि एक मिलिसेकंदाचा सर्व्हो थ्रेड (दर मिलिसेकंदाला होणारा मोटरचा हिशोब) असेल, तर कमाल चूक १,००,००० नॅनोसेकंदांच्या आत राहिली की पुरतं. त्याच्या वर उड्या मारत असेल तर तो पीसी बिलिंगला ठेवा, दुसरा घ्या.

या मांडणीत पीसी थेट मोटरला पल्स देत नाही. मधे पीसीचे हुकूम सिग्नलमध्ये बदलणारं मेसा कंपनीचं कार्ड लागतं. नव्या सर्व्होला पल्स आणि दिशा द्यायची असेल तर ७आय७६ई: पाच अक्षांचे पल्स, स्पिंडल एन्कोडरची जागा, स्पिंडलसाठी अ‍ॅनालॉग, ३२ इनपुट, १६ आउटपुट. जुने अ‍ॅनालॉग ड्राइव्ह ठेवले असतील तर ७आय९७: सहा अ‍ॅनालॉग आउटपुट आणि सहा एन्कोडर. पण त्याच्यावर इनपुट-आउटपुट कमी आहेत. टरेट, चक, ल्युब्रिकेशन, दार हे सगळं मोजून मगच ठरवा, नाहीतर जोडकार्ड घ्यावं लागतं.

कार्ड आणि पीसी यांच्यामध्ये राउटर किंवा स्विच नको. एक सरळ केबल, एक राखीव पोर्ट, दोघांना पक्का पत्ता. मी कार्डला १०.१०.१०.१० आणि पीसीला १०.१०.१०.१ देतो. ऑफिसचं नेटवर्क हवं असेल तर दुसरं पोर्ट टाका.

इमर्जन्सीची साखळी

इथे सावकाश वाचा. इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरवर अवलंबून ठेवायचं नाही. पीसी हँग झालेला असतानाही बटण दाबलं की मशीन थांबलंच पाहिजे. म्हणून बटणं आणि दोन्ही अक्षांचे ओव्हरट्रॅव्हल स्विच एका सेफ्टी रिलेतून घ्या, आणि तो रिले ड्राइव्हची पॉवर किंवा त्यांचं सुरक्षित बंद करायचं टर्मिनल तोडेल. पीसीला फक्त एका इनपुटवर कळवायचं की साखळी तुटली. मेसा कार्डला स्वतःचा वॉचडॉग (पहारा ठेवणारा टायमर) असतो. पीसीशी बोलणं तुटलं की ते आउटपुट बंद करतं. पण तो दुसरा पहारेकरी, पहिला नव्हे.

लेथमध्ये दोन गोष्टी मिलिंगपेक्षा वेगळ्या आहेत. एक, स्पिंडलची पॉवर एकदम तोडली तर जड चक कितीतरी वेळ मोकळा फिरत राहतो. त्याऐवजी व्हीएफडीला (स्पिंडलच्या मोटरचा ड्राइव्ह) आधी ब्रेक लावून थांबायला सांगा आणि उशिराने तुटणाऱ्या संपर्काने दोन-चार सेकंदांनी पॉवर काढा. त्यासाठी ब्रेकिंग रेझिस्टर लागेल. दोन, हायड्रॉलिक चक. इमर्जन्सी दाबल्यावर हायड्रॉलिक पंप लगेच बंद करू नका. हजार आरपीएमवर फिरणाऱ्या जॉबची पकड ढिली झाली तर तो दार फोडून बाहेर येतो. स्पिंडल थांबल्याची खात्री झाल्यावरच पंप. चकचा व्हॉल्व्ह दोन कॉइलचा, करंट गेला तरी आहे त्या जागी राहणारा असावा. दाबाचा स्विच इनपुटला घ्या: दाब नाही तर स्पिंडल नाही. स्पिंडल फिरत असताना पायाचा स्विच निकामी करा. ही शेवटची अट हार्ड वायरिंगमध्येही घाला.

वायरिंग, उन्हाळा आणि सरकीची रुई

पॉवरच्या वायरी एका डक्टमध्ये, सिग्नलच्या दुसऱ्यात. एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात. एन्कोडरची केबल पिळलेल्या जोड्यांची, शील्डवाली घ्या आणि शील्डचं अर्थिंग कार्ड किंवा ड्राइव्ह बनवणाऱ्याने सांगितलेल्या टोकालाच करा. एन्कोडर पाच व्होल्टचा, प्रत्येक सिग्नलची उलटी जोडी देणारा असेल तर लांब केबलवर गोंगाट कमी त्रास देतो. प्रत्येक २४ व्होल्ट डीसी व्हॉल्व्हच्या कॉइलवर उलटा डायोड, एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर सप्रेसर. हे छोटे तुकडे लावले नाहीत तर टरेट फिरताना कारण नसताना फॉलोइंग एरर (सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष जागेतला फरक) येतो आणि माणूस आठवडाभर ट्यूनिंग करत बसतो.

सगळ्या अर्थ वायरी तांब्याच्या एका पट्टीवर आणा, तिथून अर्थ पिटला. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, पिट कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात पिटमध्ये पाणी घालत राहा आणि वर्षातून एकदा मोजून घ्या.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. ड्राइव्हची पत्रिका वाचा: बरेच ड्राइव्ह ४० किंवा ५० अंशांच्या वर पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. नुसता पंखा लावायचा तर बाहेरची हवा आत येते, आणि आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात. ते फिल्टरवर आठवड्यात गादीसारखे बसतात आणि हवा अडते. आमचं पॅनल आता पूर्ण बंद आहे, दाराला पॅनल एसी आहे. पावसाळ्यात एसी चालू असताना दार उघडं ठेवायचं नाही, आत दव धरतं. पीसी पंखा नसलेल्या डब्यात, मशीनपासून वेगळा. पीसी आणि २४ व्होल्टच्या कंट्रोल सप्लायला ऑनलाइन यूपीएस द्या. लाइट गेली की ड्राइव्ह थांबतात, पण पीसीला नीट बंद व्हायला वेळ मिळतो.

पट्टा काढून पहिली सुरुवात

पहिल्यांदा पॉवर देताना मोटर स्क्रूला जोडलेली नसावी. अ‍ॅनालॉग ड्राइव्हवर एन्कोडरची दिशा उलटी असेल तर मोटर पूर्ण वेगाने सुटते आणि थांबत नाही. पट्टा काढलेला असेल तर फक्त आवाज होतो, पट्टा लावलेला असेल तर स्लाइड टोकाला आदळते.

मेसा कार्डसाठी पीएनसीकॉन्फ नावाचं साधन प्राथमिक कॉन्फिगरेशन बनवून देतं. लेथ निवडा, एक्स आणि झेड दोनच अक्ष. स्केल काढताना आमच्या एक्सचं उदाहरण घ्या. ड्राइव्हमध्ये एका फेरीला १०,००० पल्स ठरवले, पट्टा दोनास एक, स्क्रूचं पिच ५ मिलिमीटर. १०,००० गुणिले २, भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ४,००० पल्स. रॅपिड मिनिटाला ६ मीटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला चार लाख पल्स, आणि मोटर २,४०० आरपीएमवर. कार्डला हे सहज झेपतं, पण ड्राइव्हच्या पल्स इनपुटची मर्यादा बघा. साध्या एकेरी जोडणीत पुष्कळ ड्राइव्ह दोन लाखांवर अडतात. जोडीच्या, म्हणजे डिफरेन्शियल जोडणीत पाच लाखांपर्यंत जातात. म्हणून सुरुवातीपासून जोडीनेच वायर ओढा.

लिनक्ससीएनसीत एक्सचं स्केल नेहमी त्रिज्येच्या हिशोबाने असतं. प्रोग्रॅममध्ये जी-७ दिलं की आकडे व्यासात वाचले जातात, जी-८ दिलं की त्रिज्येत. जी-७ चालू असताना एक्सला १० हलवलं तर डायलवर स्लाइड ५ मिलिमीटर सरकलेली दिसेल. ती बरोबर आहे. स्केल दुप्पट करून ‘दुरुस्त’ करू नका.

दिशा: झेड अधिक म्हणजे चकपासून लांब, एक्स अधिक म्हणजे मध्यरेषेपासून लांब. टरेट ऑपरेटरच्या पलीकडच्या बाजूला असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बॅक-टूल लेथ लिहा, नाहीतर पडद्यावरचं चित्र उलटं दिसतं.

अ‍ॅनालॉग ड्राइव्ह असतील तर ट्यूनिंग दोन पायऱ्यांत. आधी ड्राइव्हचा स्वतःचा वेगाचा लूप टॅकोवर घट्ट करा आणि शून्य व्होल्टवर मोटर सरकू नये एवढा ऑफसेट नीट करा. मग लिनक्ससीएनसीत आउटपुटचं स्केल असं लावा की एफएफ-१ (हव्या वेगाचा सिग्नल आधीच देणारा आकडा) एक ठेवल्यावर फॉलोइंग एरर जवळजवळ नाहीसा होतो. पी (चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करणारा आकडा) हळूहळू वाढवा, गुणगुण आली की मागे या. आय (साठलेली चूक काढणारा आकडा) शेवटी, थोडासाच. हॅलस्कोपवर आलेख बघत करा, कानाने करू नका. फॉलोइंग एररची मर्यादा पहिल्या दिवसापासून घट्ट ठेवा, जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर. मशीन कुरकुरलं म्हणून ती पाचवर नेली, तर पट्टा तुटला तरी कंट्रोलला उशिरा कळेल.

होमिंग आधी स्विचवर, मग मागे येऊन एन्कोडरच्या इंडेक्स पल्सवर (फेरीत एकदाच येणारा). नुसत्या स्विचवर केलं तर रोज सकाळी व्यासात दोन-तीन शतांशांचा फरक येतो.

स्पिंडल एन्कोडर दातेरी पट्ट्याने, बरोबर एकास एक. व्ही-बेल्ट घसरतो, आणि एकास एक नसेल तर इंडेक्स दर फेरीला एकाच जागी येत नाही, मग आट्याची दुसरी पास पहिलीच्या खोबणीत पडत नाही. १,०२४ रेषांचा एन्कोडर असेल तर स्केल ४,०९६.

टरेट

सगळ्यात जास्त वेळ टरेट खातो. सिग्नलचं कोष्टक हातानेच बनवावं लागतं. टरेटच्या मोटरची पॉवर बंद, पण सेन्सरची चालू ठेवून टरेट एकेक स्टेशन फिरवा, आणि प्रत्येक जागी कुठला सेन्सर चालू, कुठला बंद ते लिहा. आठ स्टेशनच्या टरेटवर बहुधा चार बिटांचा कोड, एक पॅरिटी (कोड बरोबर आहे का ते तपासणारा बिट), एक स्ट्रोब (कोड आता वाचा असं सांगणारा सिग्नल) आणि क्लॅम्प झाल्याचा सेन्सर सापडतो. क्रम असा: क्लॅम्प सुटला, सेन्सरने सांगितलं, मोटर फिरली, हवं ते स्टेशन आलं, मोटर थांबली, क्लॅम्प बसला, सेन्सरने सांगितलं, मगच ‘टूल बदललं’ हा सिग्नल परत. लिनक्ससीएनसीत कॅरोसेल नावाचं तयार कंपोनंट आहे, शिवाय क्लासिकलॅडर आहे. पीएलसी येणाऱ्या माणसाला लॅडर जास्त जवळचं वाटेल. प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा घाला. सेन्सर मेला तर मोटर फिरतच राहायला नको, थांबून संदेश यायला हवा. आणि क्लॅम्पचा सेन्सर चालू नसताना फीड होणारच नाही, अशी अट पक्की करा.

जुने प्रोग्रॅम तसेच चालवू नका

इथे अपघात होतात, म्हणून वेगळं लिहितो. फॅनक पद्धतीच्या लेथवर वर्षानुवर्षं काम केलेल्या ऑपरेटरचे हात एका भाषेला सरावलेले असतात, आणि तेच कोड इथे वेगळा अर्थ घेतात.

जी-९२ तिथे आटे पाडायची सायकल आहे, इथे तो कोऑर्डिनेटचं शून्य सरकवतो. जी-९० तिथे टर्निंगची सायकल, इथे नुसती अ‍ॅब्सोल्यूट मोड. फीड मिनिटाला की फेरीला यासाठी तिथे जी-९८ आणि जी-९९, इथे जी-९४ आणि जी-९५. कमाल आरपीएम तिथे जी-५०ला एस जोडून, इथे जी-९६च्याच ओळीत डी म्हणून. हा डी विसरलात आणि कॉन्स्टंट सरफेस स्पीडवर (व्यास कमी होईल तसा आरपीएम वाढवणारी पद्धत) फेसिंग केलं, तर मध्याकडे जाताना स्पिंडल वाढतच जातो. जी-३२ऐवजी जी-३३, आणि पिच एफमध्ये नाही, केमध्ये. यू आणि डब्ल्यू तिथे एक्स-झेडची वाढीव माप आहेत, इथे ती स्वतंत्र अक्षांची नावं आहेत. थांबण्याच्या जी-४मध्ये पी इथे सेकंदांत. तिथे पी-५०० म्हणजे अर्धा सेकंद, इथे आठ मिनिटांपेक्षा जास्त. जी-७१ आणि जी-७२ रफिंग सायकल २.९मध्ये आहेत, पण लिहिण्याची पद्धत वेगळी. टूलही टी-०१०१ असं नाही. टी-१, एम-६ आणि जी-४३ असं.

हे कोष्टक मोठ्या अक्षरांत छापून मशीनवर लावा. नव्या कंट्रोलवर पहिला महिना प्रत्येक जुना प्रोग्रॅम आधी जॉबशिवाय, फीड ओव्हरराइड दहा टक्क्यांवर ठेवून चालवा.

आणि ऑपरेटरला खरी बटणं द्या. सायकल स्टार्ट, फीड होल्ड, ओव्हरराइडची गोल नॉब, शंभर पल्सचं हँडव्हील. तेलकट हाताने टचस्क्रीनवर काम होत नाही. जुन्या पॅनलची बटणं चांगली असतील तर तीच जोडा. सगळी बटणं होती त्या जागी सापडली, म्हणून आमच्या ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी मशीन आपलं वाटायला लागलं.

पहिले कट

आधी टेपर. ४० मिलिमीटरचा बार चकमध्ये धरा, दोन्ही टोकांना कॉलर सोडून मधला भाग खोल काढा, मग दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने बारीक फिनिश कट घ्या. व्यासातला फरक म्हणजे टेपर. शेपटीचा आधार लावू नका, नाहीतर शेपटीची चूक मोजाल.

मग एकच व्यास दहा वेळा. दर वेळी टरेट फिरवून, एक्स लांब नेऊन परत आणा. दहाही मापं एका शतांशात आली तर स्लाइड, टरेट आणि होम नीट आहेत.

शेवटी आटा. एम-२० बाय १.५साठी एक्स २२वर उभं राहा आणि जी-७६ द्या. पीमध्ये पिच १.५, आयमध्ये उणे २, कारण टूल २२वर आहे आणि आट्याचा माथा २०वर. केमध्ये पूर्ण खोली. जी-७ चालू असेल तर आय, जे (पहिल्या पासची खोली) आणि के व्यासात लिहायचे, म्हणून ०.९२ची खोली १.८४ होते. क्यू (टूल आत शिरण्याचा कोन) २९.५ ठेवा, एच २ म्हणजे दोन स्प्रिंग पास (खोली न वाढवता पुन्हा घेतलेले कट). झेड जॉबपासून किमान तीन-चार पिच लांबून सुरू करा, म्हणजे झेडला स्पिंडलच्या वेगाशी जुळायला जागा मिळेल. पहिल्यांदा ३०० आरपीएमवर पाडा, मग तोच प्रोग्रॅम त्याच आट्यावर ६००वर चालवा. दुसऱ्या वेळी टूल खोबणीतून जराही बाजूला सरकलं तर एन्कोडरचा पट्टा, इंडेक्स आणि झेडचा फॉलोइंग एरर या क्रमाने तपासा. आमच्या पहिल्या आट्यावर रिंग गेज घट्ट जात होता. इन्सर्ट बदलून आणि के दोन शतांशांनी वाढवून तो नीट बसला.

चालू झाल्यावर कॉन्फिगरेशनचा पूर्ण फोल्डर आणि टूल टेबल दोन पेन ड्राइव्हवर घ्या, एक घरी ठेवा. त्याच प्रकारची एक एसएसडी क्लोन करून पॅनलच्या आत टेपने चिकटवा. हातात पाना घेऊन ती बदलायला ऑपरेटरलाही शिकवा. आणि १४ पानांची ती वही, आता नव्या वायरिंगसकट पुन्हा काढलेली, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनलच्या दारावर आतून लावा.